साध्य, याप्य, असाध्य

ट्रॅक्टरचा मागचा टायर फाटला की मालक त्या फाटीची लांबी सांगतो. चार बोटे आहे, वीतभर आहे, वगैरे. टायरवाला ते ऐकून घेतो आणि विचारतो, ‘कुठे?’ हैदराबादच्या ऑटोनगरात हा प्रश्न दखनीत येतो, उमरग्याला मराठीत. उत्तरावरून ठरणारा निकाल दोन्हीकडे एकच. जमिनीला टेकणाऱ्या जाड भागात शिरलेला लांबलचक खिळा फारसे काही बिघडवत नाही. बाजूच्या पातळ भिंतीला गेलेला छोटा काप टायरचे आयुष्य एकदम तोकडे करतो. आणि रिमवर घट्ट बसणाऱ्या काठातली पोलादी तार तुटली असेल, तर नखाएवढी जखमही पुरते. दुखापत किती मोठी यापेक्षा ती कोणत्या जागी झाली, हे आधी पाहायचे असते. या धंद्याचे सारे शहाणपण इथून सुरू होते.

आयुर्वेदाने माणसाच्या देहाबद्दल हाच विचार फार पूर्वी केला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील दहाव्या अध्यायात व्याधींची एक विभागणी आहे. रोगाचे नाव काय, हे तिथे गौण आहे. वैद्याला त्याचे काय करता येईल, यावर ती उभी आहे. सहज बरे होणारे ते सुखसाध्य. कष्टाने बरे होणारे ते कृच्छ्रसाध्य. पुरते बरे न होता उपचार चालू असेतोवर आटोक्यात राहणारे ते याप्य. आणि ज्यांच्यापुढे उपचाराने हात टेकायचे ते असाध्य. असाध्याला हात घालणारा वैद्य धन, विद्या आणि कीर्ती तिन्ही गमावतो, असा इशाराही तिथे दिलेला आहे. दुरुस्तीच्या कोणत्याही विद्येला, मग ती हाडामांसाची असो वा रबराची, याहून नेमकी चौकट मला सापडलेली नाही.

ती चौकट टायरला लावायची तर आधी त्याची शरीररचना पाहायला हवी. टायर म्हणजे रबर, असा आपला समज असतो. भार मात्र रबर उचलत नाही. भार उचलते ती आत कोंडलेली हवा. त्या हवेला आवरून धरतात ते नायलॉनच्या दोऱ्यांचे तिरके, एकमेकांना छेदत जाणारे थर. त्या दोऱ्यांची टोके काठातल्या पोलादी तारेभोवती वळवलेली असतात आणि ती तार सगळा डोलारा रिमला जखडून ठेवते. रबराकडे राखणीचे आणि पकडीचे काम. आपल्याकडच्या ३५ ते ५० अश्वशक्तीच्या कित्येक ट्रॅक्टरांच्या मागच्या टायरवर १३.६-२८ असा आकडा असतो. रुंदी १३.६ इंच आणि रिमचा व्यास २८ इंच, असा त्याचा अर्थ. मोटारीच्या इवल्याशा टायरात तीस-बत्तीस पौंड हवा लागते. या थोराड टायरात शेतात चालताना १२ ते १६ पौंडच पुरते. हवेचा दाब जेवढा कमी, तेवढा टायर पसरून बसतो आणि तेवढा जमिनीवर पडणारा दाबही कमी होतो. माती घट्ट दाबली गेली तर मुळांना वाट मिळत नाही. म्हणून हा टायर बलदंड दिसला तरी त्याचे पाऊल हलके असावे लागते.

सुखसाध्य व्याधी म्हणजे काटा किंवा खिळा. बाभळीचा काटा, वेड्या बाभळीचा काटा, तुरीचे वाळलेले धसकट, कापसाची तिरकी कापलेली पऱ्हाटी: दख्खनच्या शेतात टायरचे हे नेहमीचे शत्रू. ट्रॅक्टर जॅकवर चढवायचा. पकड वाढावी म्हणून ट्यूबमध्ये पाणी भरलेले असेल तर ते आधी सोडायचे, आणि ते शंभर लिटरांहून अधिक असते. मग टॉमी घालून टायरची कड रिमवरून उतरवायची, ट्यूब ओढून काढायची, हवा भरून पाण्यात बुडवायची, बुडबुडे सुटतील ती जागा घासून सोल्यूशन लावायचे आणि पॅच बसवायचा. एवढे नवशिक्यालाही जमते. जाणता माणूस ओळखू येतो तो यापुढच्या कामात. ट्यूब परत घालण्याआधी तो टायरच्या पोटात हात घालून तळवा सावकाश फिरवतो, कारण आत मोडून राहिलेला काटा काढला नाही तर नवा पॅच त्याच संध्याकाळी निकामी होतो. लक्षण दूर केले आणि कारण आत राहिले, तर ती दुरुस्ती नव्हे.

कृच्छ्रसाध्याच्या बाबतीत मामला थेट रसायनशास्त्रात शिरतो. दोऱ्यांचे एक-दोन थर कापले गेले असतील, तर जखमेच्या कडा तासतात, आत कच्चे रबर भरतात, आतून दोऱ्यांच्या थराचा पॅच लावतात आणि उष्णता व दाब देऊन सगळे एकजीव करतात. चार्ल्स गुडइयर या अमेरिकी माणसाला १८३९ साली गवसलेली व्हल्कनायझेशनची क्रिया ती हीच. झाडाचे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत ठिसूळ. गंधकाबरोबर तापवले की रबराच्या लांबच लांब रेणूंमध्ये पूल बांधले जातात आणि ते दोन्ही ऋतू सोसू लागते. गुडइयरला १८४४ साली पेटंट मिळाले, पैसा मिळाला नाही. तो कर्जात मेला. कारखान्यात प्रचंड साच्यात जे घडते, तेच रस्त्याकडेच्या टपरीत तळहाताएवढ्या तापल्या पट्टीखाली घडते. ही दुरुस्ती म्हणजे जखमेपुरती पुन्हा एकदा केलेली टायरची निर्मितीच होय. म्हणून तिला वेळ लागतो, आणि तो वेळ देण्याची तयारी गिऱ्हाइकाकडे क्वचित असते.

खरी परीक्षा याप्य टायरची. काप मोठा आहे, थर तुटले आहेत, पण काठ शाबूत आहे. अशा वेळी जुन्या टायरातून कापलेला जाड तुकडा, कडा पातळ करून, आतून बसवतात. फटीतून ट्यूब बाहेर फुगू नये, इतकाच त्याचा हेतू. टायर बरा झालेला नसतो. मऊ मातीत, कमी वेगात, हलक्या कामाला चालण्याची त्याला मुभा मिळालेली असते. त्याच टायरवर उसाची भरलेली ट्रॉली जोडून डांबरी रस्त्याने निघणे म्हणजे सवलतीला हक्क समजणे. याप्य रोगात वैद्याशी असलेला संबंध संपत नाही. हवा पुन्हा पुन्हा पाहावी लागते, तुकडा सरकला का ते पाहावे लागते, वजन मोजून लादावे लागते. आपल्या भोवतालची बरीचशी व्यवस्था या वर्गात मोडते. जुने पूल, धरणांचे दरवाजे, शाळांची छपरे, शहरांच्या जलवाहिन्या यांना आपण बरे केलेले नाही, आटोक्यात ठेवले आहे. महाडजवळचा सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला आणि माणसांनी भरलेल्या दोन एसटी गाड्या त्याच्याबरोबर गेल्या. जुने टिकते आहे, यावरून ते निरोगी आहे असा अर्थ आपण काढतो. माझ्या मते याप्याला साध्य मानून निर्धास्त होणे, हा आपला सर्वांत महागडा गैरसमज आहे.

हैदराबादहून पश्चिमेला, सोलापूरकडे निघणारा रस्ता या विषयाचे चालते-बोलते संग्रहालय आहे. आधी पाटणचेरू लागते. तिथे १९७२ साली स्थापन झालेली इक्रिसॅट ही कोरडवाहू शेतीची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. पुढे सदाशिवपेटला एमआरएफचा टायरांचा कारखाना. १९४६ साली मद्रासेत मुलांचे फुगे बनवण्यापासून सुरुवात केलेली ही कंपनी. आणखी पुढे झहीराबादला महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना, २०१३ साली सुरू झालेला. मग कर्नाटकाची पट्टी ओलांडली की उमरगा, म्हणजे आपला धाराशिव जिल्हा. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख हैदराबाद राज्यात होता. प्रांतांच्या रेघा बदलल्या. पावसात चाकाला चिकटणारी आणि उन्हाळ्यात हात शिरेल एवढ्या भेगा पडणारी काळी माती दोन्ही बाजूंना तीच राहिली.

पाटणचेरूच्या शास्त्रज्ञांनी १९७० आणि १९८० च्या दशकांत या काळ्या मातीसाठी एक औजार पुढे आणले. ट्रॉपिकल्टर असे त्याचे नाव. ज्याँ नोल या फ्रेंच अभियंत्याच्या कल्पनेतून आलेला, बैलांनी ओढायचा, रबरी चाकांचा एक सांगाडा. त्यालाच नांगर, पाभर, कोळपे जोडायचे, आणि हवी तेव्हा त्याचीच गाडी करायची. प्रयोगक्षेत्रावर त्याने उत्तम काम केले. शेतकऱ्यांनी मात्र तो घेतला नाही. अशा औजारांचा जगभरचा इतिहास पॉल स्टार्की यांनी १९८८ साली पुस्तकरूपाने मांडला आणि उपशीर्षकातच निकाल देऊन टाकला: परिपूर्ण, तरीही नाकारलेले. किंमत, वजन आणि गुंतागुंत ही कारणे पुढे आली. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. शेतकरी औजार निवडताना ते चालते कसे हे पाहतो, तसेच मोडल्यावर कोणाच्या दारात न्यायचे हेही पाहतो. लाकडी औताला गावचा सुतार होता. लोखंडी धाव सैल झाली तर लोहार ती तापवून चाकावर चढवी आणि पाणी ओतून आवळी. त्याचे मोल सुगीला बलुत्याच्या रूपाने पोचे. दुरुस्तीची सोय औजाराच्या आधीपासून गावात हजर होती. नव्या सांगाड्यामागे असे कोणी उभे नव्हते.

ट्रॅक्टर टिकला, कारण त्याच्यामागोमाग पंक्चरवाला आला. खुद्द ट्रॅक्टरला रबर उशिराच मिळाले. हवेचा टायर रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ सालीच नोंदवला होता; तो विस्मरणात गेल्यावर बेलफास्टच्या जॉन डनलॉप या गुरांच्या डॉक्टराने १८८८ साली मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तो पुन्हा शोधला. थॉमसनचा कागद सापडला तेव्हा डनलॉपचे पेटंट रद्द झाले, पण नाव डनलॉपचेच राहिले. शेतात तोवर दातेरी लोखंडी चाकेच फिरत होती. रबर चिखलात घसरेल, अशी सर्वांची खात्री होती. अमेरिकेतील अ‍ॅलिस-चाल्मर्स कंपनीने १९३२ साली हवेचे टायर घातलेला ट्रॅक्टर बाजारात आणला आणि शंकेखोरांना गप्प करण्यासाठी पुढच्या वर्षी बार्नी ओल्डफिल्ड या शर्यतपटूला त्यावर बसवले. त्याने तो ताशी ६४ मैलांनी पळवला. शेतकऱ्याला त्या वेगाचा काही उपयोग नव्हता. उपयोग झाला तो वाचलेल्या इंधनाचा आणि हाडे न खिळखिळणाऱ्या बैठकीचा.

या रबराच्या मागे एक काळीकुट्ट गोष्टही आहे. १८७६ साली हेन्री विकहॅमने ब्राझीलमधून रबराच्या झाडाचे सुमारे ७०,००० बिया इंग्लंडला नेल्या आणि त्यांतून उगवलेली रोपे श्रीलंका आणि मलायात पोचली. ते मळे पिकेपर्यंत युरोपची भूक काही अंशी काँगोच्या जंगलांनी भागवली. बेल्जियमच्या राजा लिओपोल्डच्या अमलाखाली रबराचा ठरलेला वाटा न आणणाऱ्या गावांवर काय अत्याचार झाले, ते ब्रिटिश अधिकारी रॉजर केसमेंटच्या १९०४ च्या अहवालात नोंदले आहे. भारतात हे झाड मुख्यतः केरळात रुजले. दख्खनच्या महामार्गांवर टायरची कित्येक दुकाने केरळी माणसे चालवतात, हा योगायोगही लक्षात घेण्यासारखा: चीक तिकडचा आणि ठिगळ लावणारा हातही तिकडचा. एक टायर फेकून देताना आपण किती माणसांचे श्रम फेकतो, याचा हिशेब पावतीवर छापलेला नसतो.

मग बदलायचा कधी? असाध्य झाल्यावर, हे उघड आहे. काठाची तार गेली, थर एकमेकांपासून सुटून फुगवटा आला, किंवा वर्षानुवर्षांच्या उन्हाने पडलेल्या भेगा दोऱ्यांपर्यंत पोचल्या, की तिथे कोणतीही हातोटी चालत नाही. तरीही बदलणे हे वाटते तेवढे सरळ काम नाही. मिलिंद राजाला नागसेन भिक्खूने विचारले होते, की रथ म्हणजे नेमके काय: आस, चाक की जू? राजाला प्रत्येकाला नाही म्हणावे लागले. सुट्ट्या भागांत रथ सापडत नाही, त्यांच्या एकत्र येण्याला ते नाव आहे. ट्रॅक्टरच्या बाबतीत हा केवळ वादाचा मुद्दा राहत नाही. एका बाजूला कोरा टायर आणि दुसऱ्या बाजूला टकला झालेला, अशी स्थिती झाली की दोन्ही चाकांचा घेर वेगळा होतो. डिफरन्शियलला सतत तडजोड करावी लागते, ट्रॅक्टर एका अंगाला ओढतो. चारही चाकांना जोर असलेल्या ट्रॅक्टरात तर पुढच्या-मागच्या चाकांचे प्रमाण कारखान्यातच बांधून दिलेले असते; ते बिघडले तर गिअरवर ताण येतो. म्हणून जाणती माणसे टायर जोडीने बदलायला सांगतात. बैलजोडीतला एक बैल गेल्यावर उरलेल्याच्या चालीचा, उंचीचा, वयाचा जोड शोधत बाजार पालथे घालणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. नवा भाग आणला की त्याच्या शेजाऱ्याचे वय उघडे पडते.

जोडीची किंमत मात्र जोडीचीच असते, आणि टायर फाटतो तो नेमका पेरणीच्या घाईत. वाफसा आलेला असतो, तो दोन-चार दिवसांचा पाहुणा. भाड्याने ट्रॅक्टर चालवणाऱ्याचा हप्ता थकलेला असतो. अशा वेळी साध्य की याप्य, हा विचार करायला सवड कोणाला? ज्याच्याकडे पैसा आहे तो दुरुस्त होण्याजोगा टायर बदलतो; ज्याच्याकडे नाही तो असाध्य टायर पुन्हा चढवतो. दोघेही निर्णय घेत नाहीत, परिस्थिती त्यांच्या वतीने घेते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या टायरवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. शेतकऱ्याच्या खांद्यावरचे ओझे त्याने हलके झाले, हे चांगलेच. त्याआधी, २०२२ साली, वापरून संपलेल्या टायरांची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम केंद्राने केले. तेही आवश्यक होते. पण एक नियम टायरच्या जन्माची काळजी घेतो आणि दुसरा मरणाची. मधल्या आयुष्याची, म्हणजे वेळेवर तपासून, योग्य ते जोखून ते लांबवण्याची काळजी घेणारा माणूस दोन्हींच्या नजरेबाहेर राहतो.

जीर्णोद्धार हा शब्द आपण देवळांसाठी राखून ठेवला आहे. अहिल्याबाई होळकरांनी देशभर ठिकठिकाणी केलेल्या कामाला आपण पुण्य म्हणतो, ते रास्तच. तशाच निष्ठेने रोजच्या वापरातली जीर्ण वस्तू उभी करणाऱ्याला मात्र आपण किरकोळ समजतो. त्यातून एक विचित्र हिशेब तयार झाला आहे. पॅच लावला तर पॅचचे पैसे, तुकडा बसवला तर तुकड्याचे. टायर उतरवून, पोटात हात फिरवून, काठ तपासून कारागीर म्हणाला, की याच्यात आता काही राहिले नाही, तर त्याला आपण बहुधा काहीच देत नाही. उलट त्याला जमत नाही, असे म्हणून पुढच्या दुकानात जातो, आणि तिथे कोणीतरी ‘होऊन जाईल’ म्हणणारा भेटतोच. डॉक्टरने शस्त्रक्रिया नको म्हटले तरी आपण तपासणीची फी देतो. टायरवाल्याच्या निदानाला फी नाही. नकाराला मोल न देणारा समाज हळूहळू खोट्या होकारांनी भरून जातो, आणि त्या होकारांची किंमत भरल्या ट्रॉलीसह उतारावर चुकवली जाते.

म्हणून ट्रॅक्टर बाळगणाऱ्या वाचकांना दोन गोष्टी सुचवतो. मृग लागण्याच्या पंधरवडाभर आधी, घाई नसताना, चारही टायर जाणत्या माणसाला दाखवून घ्या. साध्य कोणते आणि याप्य कोणते, ते त्याच्याकडून समजून घ्या आणि याप्य टायरवर रस्त्याचे ओझे टाकू नका. आणि त्याने एखाद्या टायरला ‘नाही होणार’ म्हटले, तर त्या नकाराचे पैसे त्याच्या हातावर ठेवा.